कटर आला की कटर आले? यंत्र आणि यंत्रावरचा माणूस यांच्या सामायिक नावांचा आढावा

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचा पहिला थांबा विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प, आणि जवळच एसटीचे आगार. दुसऱ्या महायुद्धात या भागात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज या पट्ट्यात जीन्स शिवणारे गाळे आहेत, छापखाने आहेत, फॅब्रिकेशनची वर्कशॉप आहेत. थोडे पुढे गेले की अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि औद्योगिक वसाहत लागते. अशा ठिकाणी दिवसभर कानावर पडणाऱ्या शब्दांत इंग्रजी ‘अर’ प्रत्ययाच्या शब्दांचा भरणा मोठा असतो: कटर, ग्राइंडर, प्रिंटर, लोडर, फिटर, टर्नर.

इंग्रजीत यांतले बरेच शब्द दोन जागी राबतात. ग्राइंडर म्हणजे घासणारे यंत्र आणि ते चालवणारा कामगारही. लोडर म्हणजे माल भरणारा माणूस आणि माती उचलणारे धूडही. फिटर आणि टर्नर माणसाकडेच राहिले. कॅल्क्युलेटर आणि कम्प्युटर यंत्राकडे गेले ते परत आले नाहीत. एकाच प्रत्ययाने माणूस आणि यंत्र दोघांनाही नाव का द्यावे, हा भाषाशास्त्रातला जुना प्रश्न आहे. हे शब्द मराठीत आल्यावर त्यांचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. परिभाषा तयार करणाऱ्यांना तो टाळता आला नाही, पण त्यांची उत्तरे सर्वत्र सारखी नाहीत. या दोन्ही प्रश्नांबाबत आज आपण कुठे उभे आहोत, हे इथे पाहायचे आहे.

माणूस आधी, यंत्र मागाहून

‘कम्प्युटर’ हा शब्द इंग्रजी छापील पुस्तकात १६१३ पासून सापडतो, आणि पुढची तीनशे वर्षे त्याचा अर्थ आकडेमोड करणारा माणूस असाच होता. हिंदुस्थानात ही नोकरी होती. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यात लागले आणि पुढे तिथले मुख्य कम्प्युटर झाले. हिमालयातल्या ‘शिखर क्रमांक पंधरा’ची उंची २९,००२ फूट असल्याचे १८५६ मध्ये जाहीर झाले, त्यामागे त्यांचे गणित होते. त्याच शिखराला पुढे एव्हरेस्ट म्हणू लागले. आपल्याकडचे जवळचे उदाहरण केरो लक्ष्मण छत्र्यांचे. कोवळ्या वयात ते कुलाब्याच्या वेधशाळेत लागले, तिथे निरीक्षणे घेणे आणि त्यांची गणिते करणे हे काम त्यांनी केले, आणि नंतर मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचली. आज हे काम यंत्र करते, आणि त्या यंत्राचे नाव सिकदारांच्या हुद्द्याचेच आहे.

अॅलन ट्युरिंगच्या १९३६ च्या प्रसिद्ध निबंधातला ‘कम्प्युटर’ हा कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस आहे, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. दहाच वर्षांनी, १९४६ मध्ये, अमेरिकेत एनिअॅक हे गणनयंत्र जगापुढे आले तेव्हा त्याच्या नावातला शेवटचा ‘सी’ कम्प्युटरचा होता, आणि त्याचे काम लावून देणाऱ्या सहा स्त्रिया आधी स्वतःच कम्प्युटर या पदावर होत्या. माणसाचे पद यंत्राच्या पाटीवर गेले, तेही एका पिढीच्या आत.

आपल्याकडे दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी नांदले. केंद्राच्या जनगणना कार्यालयांत कम्प्युटर आणि असिस्टंट कंपायलर अशी माणसांची पदे होती. कम्प्युटरचे स्पेलिंग तिथे शेवटी ‘ई’ऐवजी ‘ओ’ घालून करत. कागदावर तरी माणूस वेगळा दिसे. देवनागरीत तेवढीही सोय नाही. ‘कंपायलर’ची कथा त्याहून मजेदार आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास एका प्रोग्रामला हे नाव दिले. त्यामुळे जनगणनेच्या तक्त्यांशी झगडणारा कारकून आणि त्याच तक्त्यांसाठी पुढे वापरलेल्या सॉफ्टवेअरचा एक भाग, दोघे एकाच नावाचे धनी झाले.

टाइपरायटरचा प्रवास उलट्या बाजूने झाला. रेमिंग्टनचे यंत्र १८७४ मध्ये बाजारात आले. त्यावर बसणाऱ्या मुलींना सुरुवातीला यंत्राच्याच नावाने ओळखत, म्हणजे ‘टाइपरायटर’ने अमुक पत्र टंकले असे म्हटले जाई. मग ‘टाइपिस्ट’ हा शब्द आला आणि घोटाळा मिटला. मराठीला ‘टाइपिस्ट’ तयारच मिळाला. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर काढला आणि गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट निघाली, तोवर मराठी माणसाच्या डोक्यात यंत्र आणि माणूस वेगळे झाले होते. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतला ‘लिपिक-टंकलेखक’ म्हणजे माणूसच, याविषयी कुणाला शंका येत नाही.

असे का होते: तीन उत्तरे

पहिले उत्तर विस्ताराचे. प्रत्ययाचा मूळ अर्थ ‘करणारा’. यंत्र माणसासारखे काम करू लागले की बोलणारा त्याला माणसाचा शब्द लावतो. आधी कर्ता, मग साधन, मग कधी जागा, अशी पायरी-पायरीने अर्थाची वाट जाते. डच भाषेच्या आधारे गेर्त बोई यांनी १९८६ मध्ये हा विस्तार बारकाईने मांडला. ही मांडणी सहज पटते. कम्प्युटरच्या बाबतीत इतिहासही तिच्या बाजूने आहे.

दुसरे उत्तर व्याकरणाचे. मल्का रापापोर्ट होवाव आणि बेथ लेव्हिन यांनी १९९२ मध्ये असे मांडले की हा प्रत्यय ‘करणाऱ्या’ला नाव देतच नाही, तो क्रियापदाच्या कर्त्याच्या जागी जे बसू शकते त्याला नाव देतो. यंत्र त्या जागी बसत असेल तर त्यालाही तो लागेल. याची तपासणी मराठीत करून पाहता येते. ‘हा चाकू चांगला कापतो’ हे वाक्य चालते. ‘हा चमचा चांगला जेवतो’ हे चालत नाही. इंग्रजीतही कापण्याच्या साधनाला कटर म्हणतात, पण चमच्याला ‘ईटर’ कुणी म्हणत नाही. चाकू काम स्वतः पुढे नेतो, चमचा फक्त हाताशी असतो. या मताची जमेची बाजू अशी की कोणत्या साधनाला प्रत्यय लागेल आणि कोणत्याला नाही, हे ते आधीच सांगू शकते. विस्ताराच्या मताला तेवढे जमत नाही.

तिसरे उत्तर संक्षेपाचे. ऑस्ट्रियन अभ्यासक फ्रान्झ रायनर यांनी रोमान्स भाषांच्या आधारे शंका घेतली की अर्थ पसरला असे आपण समजतो, ते बरेचदा नुसते शब्द गळणे असते. स्पॅनिशमध्ये कपडे धुण्याच्या यंत्राला ‘लावादोरा’ म्हणतात. तो शब्द स्त्रीलिंगी आहे, कारण त्याआधीचा ‘माकिना’ म्हणजे यंत्र हा शब्द स्त्रीलिंगी होता. तो गळला, लिंग मागे राहिले. ‘झेरॉक्स मशीन’मधले मशीन गळून ‘झेरॉक्स’ उरते तेव्हा आपल्याकडेही हेच घडते. इंग्रजीत लिंग नसल्यामुळे असा माग राहत नाही, एवढेच.

तिन्ही मते आपापल्या उदाहरणांपुरती खरी ठरतात असे मला वाटते, आणि बहुतेक अभ्यासकही आता एकाच कारणाचा हट्ट धरत नाहीत. खरा तंटा प्रमाणाचा आहे: किती शब्द कोणत्या वाटेने आले? त्यासाठी प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र इतिहास लागतो. कारखान्यात जन्मलेल्या शब्दांचा असा इतिहास क्वचितच लिहून ठेवलेला असतो.

संस्कृतची वाटणी आणि मराठीची मोडतोड

इंग्रजीने एका प्रत्ययावर जे भागवले, त्यासाठी संस्कृतने निरनिराळे प्रत्यय ठेवले होते. पाणिनीकडे कर्त्यासाठी ‘ण्वुल्’ आणि ‘तृच्’. त्यांतून लेखक, चालक, दाता, नेता असे शब्द होतात. साधनासाठी ‘ष्ट्रन्’, त्यातून शस्त्र, पत्र असे शब्द येतात. ‘ल्युट्’ प्रत्ययानेही साधन आणि स्थान दाखवता येते. सारांश, करणारा एका घरात आणि ज्याने करायचे ते दुसऱ्या घरात.

देशी मराठीनेही आपल्यापुरती ही वाटणी सांभाळली. ‘णी’ आणि ‘णे’ साधनाचे: लेखणी, चाळणी, गाळणी, किसणी, लाटणे, उलथणे. माणसासाठी ‘णारा’, ‘कार’, ‘आरी’. वाजवायचे ते वाजंत्र, वाजवणारे ते वाजंत्री. किसणीला कधी कुणी ‘किसणारी’ म्हटले नाही.

मग विसाव्या शतकात यंत्रांची बाराखडी मराठीत आणायची वेळ आली आणि या वाटणीला तडा गेला. परिभाषा करणाऱ्यांनी ‘ण्वुल्’चा ‘अक’ उचलला, कारण तो इंग्रजी ‘अर’शी नेमका जुळत होता. त्यातून ध्वनिक्षेपक, प्रक्षेपक, संगणक निघाले. रूपाने हे सगळे कर्ते आहेत. ‘गणक’ हा पूर्वी ज्योतिष जाणणारा माणूस होता. जनगणनेला घरोघर फिरणारे शिक्षक ‘प्रगणक’ आहेत. ‘संगणक’ मात्र टेबलावर बसतो. तिन्ही शब्द एकाच धातूचे, प्रत्यय एकच. दोन माणसे आणि एक यंत्र. कॅल्क्युलेटरला ‘गणकयंत्र’ म्हणणाऱ्याने ही अडचण ओळखली होती, म्हणून त्याने ‘यंत्र’ जोडले. ‘संगणकयंत्र’ मात्र टिकले नाही. तिथेही रायनर म्हणतात तसे ‘यंत्र’ गळून गेले. म्हणजे इंग्रजीला ज्या पेचात इतिहासाने घातले, त्यात आपण सोयीने शिरलो.

‘वाहक’ हे याचे सगळ्यात बोलके उदाहरण. शाळेच्या पुस्तकात तांबे विजेचे सुवाहक असते. विठ्ठलवाडी आगारातून सुटणाऱ्या एसटीत वाहक तिकीट फाडतो, म्हणजे हल्ली इलेक्ट्रॉनिक यंत्रातून काढून देतो. इंग्रजी कंडक्टरचे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात जसेच्या तसे उचलले. महामंडळाने ‘चालक तथा वाहक’ असे जोडपदही भरले आणि काही गाड्यांवर ‘विनावाहक’ अशी पाटीही लावली. भौतिकशास्त्राचा मास्तर ती पाटी वाचून काय म्हणत असेल, हा विचार मला तिथून जाताना हटकून येतो.

व्याकरण मागच्या दाराने

कोशांनी जी वाटणी सोडली ती बोलणाऱ्यांनी दुसऱ्या वाटेने परत आणली. माझ्या मते या विषयातला मराठीपुरता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि तो फारसा मांडला जात नाही.

पहिली वाट आदरार्थी अनेकवचनाची. ‘प्रिंटर आला’ म्हणजे खोके आले. ‘प्रिंटर आले’ म्हणजे छापखान्याचे मालक आले. दुसरी वाट कर्माच्या विभक्तीची. मराठीत सजीव कर्माला ‘ला’ लागतो, निर्जीवाला सहसा लागत नाही. ‘कटर आण’ आणि ‘कटरला आण’ यांत एका अक्षराचा फरक आहे, पण पहिल्यात हत्यार येते आणि दुसऱ्यात माणूस. भूतकाळात तर क्रियापदही साक्ष देते: ‘मी प्रिंटर बघितला’, पण ‘मी प्रिंटरना बघितलं’. इंग्रजीत यांपैकी एकही सोय नाही. तिथे सगळे संदर्भावर सोडावे लागते.

या सोयीला मर्यादा आहेत. ‘कटरला धार लाव’ या वाक्यात ‘ला’ असूनही माणूस नाही, कारण तिथे विभक्ती वेगळ्या कामासाठी आली आहे. त्याहून मोठी मर्यादा सामाजिक आहे. अनेकवचनाचा मान सगळ्यांना मिळत नाही. छापखान्याचे मालक ‘आले’, पण त्यांच्याकडे कागद कापणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा ‘आला’. त्याच्या बाबतीत ‘कटर आला’ हे वाक्य यंत्राला आणि त्याला सारखेच लागू पडते. यंत्र आणि माणूस वेगळे ठेवण्याचे काम व्याकरण करते खरे, पण हुद्दा जितका खालचा तितके ते काम कमी होते. भाषेच्या अभ्यासकांनी आणि कामगारांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून तपासावे असे हे ठिकाण आहे.

म्हणूनच कदाचित गाळ्यांतल्या भाषेने तिसरी वाट काढली: माणसाच्या नावात माणूस दिसेल असा शब्द घालायचा. जीन्सचे थर कापणारा ‘कटिंग मास्टर’ असतो. ‘कटर’ हे नाव हातातल्या विजेच्या यंत्राला. छापखान्यात ‘मशीनमन’ असे. लोकल चालवणारा ‘मोटरमन’, बिलाची तक्रार घेऊन गेलो तर भेटतो तो ‘वायरमन’ किंवा ‘लाइनमन’. ‘मन’ हा शेपटासारखा जोडलेला इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळला की बाईसाठी ‘वायरमन बाई’ म्हणायलाही कुणाची जीभ अडखळत नाही. बाकीच्यांसाठी ‘वाला’ आहेच.

रेल्वेची गोष्ट वेगळी. कर्जतच्या पुढे बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तो चढायला गाडीला मागून जादा इंजिने लावतात, त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ‘बँकर मिळाला नाही म्हणून गाडी उभी आहे’ हे वाक्य कर्जतला ऐकणाऱ्याला चुकूनही कर्जाचा विचार येत नाही. शंटर मात्र अजून माणूस आहे, आणि शंटिंगच्या इंजिनालाही इंग्रजीत तेच नाव आहे. गार्डांना २०२२ च्या जानेवारीपासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणावे असे रेल्वेने ठरवले. त्यामागची कारणे मानाची आणि पगारी श्रेणीची होती, पण फलित असे की गार्ड हे नाव आता यंत्राच्या दातांवरच्या जाळीपुरते उरेल. अर्थात प्लॅटफॉर्मवर अजून सगळे गार्डच म्हणतात.

बँकेतही असेच झाले. पैसे मोजून देणारा ‘टेलर’ १९८७ मध्ये मुंबईत आलेल्या पहिल्या एटीएमच्या नावात यंत्र झाला. मराठीत ते कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण आपल्याकडचा टेलर शिंपी.

उलटा प्रवास: कोयता, घोडा, रिक्षा

इंग्रजीची चाल माणसाकडून यंत्राकडे. मराठीची आपली खास चाल शोधायला गेलो तर ती नेमकी उलटी दिसते: हत्याराच्या, वाहनाच्या नावाने माणूस.

ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, टोळी मोजली जाते ती कोयत्यांत. मराठ्यांच्या फौजेच्या हिशेबात ‘पाच हजार घोडा’ लिहिले की स्वार मोजले जात. ढोलताशा पथकाचा माणूस ‘आमचे साठ ढोल’ म्हणतो तेव्हा तो वादक सांगत असतो. मोजणीचे एकक हेच माणसाचे नाव होते.

कोयत्याचा प्रश्न आता जास्त तातडीचा झाला आहे, कारण त्याच फडात ‘हार्वेस्टर’ येऊ लागला आहे. हार्वेस्टर हा इंग्रजीत मुळात कापणी करणारा माणूस. मराठीत तो फक्त यंत्र म्हणून आला. कापणाऱ्या माणसाला हत्याराचे नाव आणि कापणाऱ्या यंत्राला माणसाचे नाव, अशी ही अदलाबदल उसाच्या एकाच शेतात दिसते. यावर दोन मते आहेत. काही कार्यकर्ते आणि अभ्यासक म्हणतात, कोयता या नावात बाईची मजुरी जोडीत बुडून जाते. तिला स्वतंत्र मजूर म्हणून नाव हवे. उलट बाजूने असे सांगता येते की हा शब्द मजुरांच्या बोलीतलाच आहे, तो बदलून कराराचे स्वरूप बदलत नाही, आणि ‘ऊसतोड कामगार’ हे नाव सरकारी कागदात आहेच. दोन्ही बाजूंना आधार आहे. वाद खरे म्हणजे शब्दापेक्षा मोजणीच्या एककाचा आहे.

रिक्षाची तऱ्हा आणखी निराळी. जपानी ‘जिनरिकिशा’ म्हणजे माणसाच्या बळाचे वाहन. त्यातला ‘जिन’ म्हणजे माणूस. इंग्रजीत येताना पुढचा ‘जिन’च गळला. विठ्ठलवाडी स्थानकाबाहेर पावसात उभे राहिलेले लोक म्हणतात, ‘एकही रिक्षा यायला तयार नाही.’ तयार असणे-नसणे माणसाचे. क्रियापद स्त्रीलिंगी वाहनाचे. हाक मारतानाही ‘ए रिक्षा!’. याच मार्गावर नेरळहून वर गेले की माथेरान. तिथे माणूस ओढतो ती हातरिक्षा परवापर्यंत चालत होती. २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षा प्रायोगिक स्वरूपात आल्या आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. शब्दातून ‘जिन’ केव्हाच गेला होता. वाहनातून माणूस काढायला न्यायालयाचा आदेश लागला.

गोव्यात भाड्याने माणूस नेणाऱ्या मोटारसायकलीला आणि ती चालवणाऱ्याला, दोघांनाही ‘पायलट’ म्हणतात. तिथे मूळ शब्द माणसाचा, वाहनाकडे गेलेला. म्हणजे उलटी चाल हा मराठी मुलखाचा नियम म्हणता येत नाही, फक्त कल म्हणता येतो.

परिभाषेचा वाद

महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये सुरू झाले. त्याआधी दाते-कर्व्यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ झाला होता, आणि त्याही आधी सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ व माधव ज्यूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ यांनी नवे शब्द घडवण्याची सवय लावली होती. पण या साऱ्यांत वाद होता तो परका की आपला शब्द, हा. एका शब्दाने माणूस आणि यंत्र दोन्ही दाखवावेत का, हा स्वतंत्र मुद्दा म्हणून क्वचितच पुढे आला.

तो सर्वांत चांगला हाताळला गेला तो कोशांत नव्हे, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत. फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री, वायरमनला तारतंत्री. हे शब्द वर्गाबाहेर फारसे चालत नाहीत, हे खरे. पण त्यांच्या घडणीत शहाणपण आहे: ‘आरी’, ‘ता’ आणि ‘तंत्री’ यांतून निघालेले शब्द यंत्राला लागूच शकत नाहीत. खिळे जुळवणाऱ्याला छापखान्यात जुळारी म्हणत, तीच ही जात. मशिनिस्ट ग्राइंडरला मात्र ‘यंत्र कारागीर घर्षक’ म्हटले आहे. ‘घर्षक’ एकटा ठेवला असता तर तो यंत्र झाला असता, म्हणून पुढे ‘कारागीर’ लावला असावा.

आजची मते साधारण तिहेरी आहेत. एक पक्ष म्हणतो, माणसाला आणि यंत्राला नेहमी वेगळे शब्द द्या. नियम, अपघाताचे पंचनामे, विमा आणि भरतीच्या जाहिराती यांत संदिग्धता परवडत नाही. ‘लोडर खाली पडला’ एवढ्या नोंदीवर कुणाची भरपाई ठरवायची असेल तर हा आक्षेप गंभीर आहे. दुसरा पक्ष म्हणतो, संदर्भ आणि व्याकरण पुरेसे आहेत. एका शब्दाला दोन अर्थ असणे हे कोणत्याही जिवंत भाषेचे लक्षण, आणि जोडारी-संधात्यांचे काय झाले ते दिसतेच आहे. तिसरा पक्ष, बहुतेक कामाच्या ठिकाणचा, वाद न घालता इंग्रजी शब्द घेतो आणि गरज पडली की ‘मशीन’, ‘मास्टर’, ‘वाला’ जोडतो. वर्तमानपत्राच्या शेवटच्या ओळीत ‘मुद्रक व प्रकाशक’ छापले जाते आणि त्याच कार्यालयात ‘प्रिंटर बंद आहे’ असे ओरडले जाते. दोन थरांतून आलेले दोन शब्द विनातक्रार काम वाटून घेतात. मला तिसऱ्या पक्षाची पद्धत सर्वांत टिकाऊ वाटते. कायद्याच्या कागदापुरते मात्र पहिल्याचे म्हणणे मान्य करावे लागेल.

काय सुटलेले नाही

सर्वांत आधी, मराठीत आलेल्या अशा शब्दांची तारीखवार नोंद नाही. ‘कटर’ आधी माणूस म्हणून आला की हत्यार म्हणून, हे सांगायला गिरण्यांचे हजेरीपट, छापखान्यांच्या वह्या, रेल्वेच्या वर्कशॉपमधली कागदपत्रे चाळावी लागतील. मुंबईच्या गिरण्या संपल्या आणि त्यांचे बरेच कागद विखुरले, त्यामुळे हे काम दरवर्षी अवघड होत आहे.

दुसरे, व्याकरणाच्या वाटांबद्दल वर जे म्हटले ते उदाहरणांवरून. वयाने, वर्गाने, बोलीने त्यात किती फरक पडतो? कल्याण पूर्वेचा मराठी माणूस, उल्हासनगरातला मराठी बोलणारा सिंधी दुकानदार आणि उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर हे तिघे एकाच गाळ्यात ‘कटरला’ आणि ‘कटर’ यांत सारखाच फरक करतात का? हिंदीत निर्जीवही ‘को’ घेऊ शकते, तेव्हा मिश्र बोलीत हा भेद पुसट होत असण्याची शक्यता आहे. ध्वनिमुद्रणे करून मोजल्याखेरीज यावर बोलण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न यंत्राच्या भाषांतराचा. ‘प्रिंटर ड्रायव्हर’ या जोडीतले दोन्ही शब्द मुळात माणसांचे. आता दोन्हींत माणूस नाही. इंग्रजी वाक्यात तो माणूस आहे की नाही हे भाषांतर करणाऱ्या प्रणालीला मराठीत उतरताना ठरवावेच लागते, कारण ‘आला’ की ‘आले’, ‘ला’ लावायचा की नाही, याची निवड टाळता येत नाही. मूळ इंग्रजी वाक्य मुके असेल तर निवड कशावरून करायची? आणि ‘अनुवादक’ म्हटले तरी आता माणूस की प्रणाली, हे विचारावे लागते.

शेवटचा प्रश्न पदांच्या नावांचा. रेल्वेच्या तिकीट यंत्रांपाशी निवृत्त कर्मचारी कमिशनवर उभे राहून प्रवाशांना तिकिटे काढून देतात. त्यांना ‘फॅसिलिटेटर’ म्हणतात. यंत्र तिकीटबाबूच्या जागी आले आणि यंत्रापाशी पुन्हा माणूस बसला. लोक त्याला काय म्हणतात, ते स्थानकागणिक बदलते: ‘काका’, ‘मशीनवाले काका’, क्वचित नुसते ‘मशीन’. २०२७ च्या जनगणनेत प्रगणकांच्या हाती कागदाऐवजी मोबाइल अॅप असेल असे जाहीर झाले आहे. मोजणीचा कोणता भाग माणसाचा आणि कोणता अॅपचा, हे ठरवणाऱ्या सूचना मराठीत लिहिताना ‘प्रगणक’ कोणाला म्हणायचे, हे कुणाला तरी आधीच ठरवावे लागेल.